मामाचा धूर

९ जानेवारी

वरच्या काकू आज सकाळी जिना उतरून आल्या त्या धुतलेली चादर हातात घेऊनच. आईच्या नाकासमोर ती धरून म्हणाल्या, "घ्या, हुंगा. साबणाचा वास येतोय का सांगा." आईने हुंगले नाही. उत्तर तिला माहीत होते. आमच्या गॅलरीत बसून मामा दिवसभर वेताच्या खुर्च्या विणतो आणि विणता विणता सिगारेटी ओढतो. धूर वर जातो हा निसर्गनियम आहे, आणि वर काकूंची कपडे वाळत घालायची दोरी आहे.

त्या गेल्यावर बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. बाबा बस डेपोत वेळापत्रके लावतात. त्यांचा आवाज कधी चढत नाही, फक्त वाक्ये आखूड होत जातात.

"त्याच्या आजाराबद्दल मी कधी बोललोय? नाही. पण बिल्डिंगमध्ये तोंड दाखवायचंय मला. पोरीची परीक्षा होईपर्यंत बघू. धूर बंद झाला तर ठीक. नाहीतर ती संस्था आहे."

'ती संस्था' म्हणजे गावाबाहेरचे निवासी केंद्र. मामा पूर्वी काही महिने तिथे होता. तिथे काय घडले ते त्याने कधी सांगितले नाही. परत आल्यावर मात्र कित्येक दिवस तो जेवताना ताट डाव्या हाताने घट्ट धरून ठेवत असे.

आई भांडी लावत राहिली. गॅलरीतून मामाचा आवाज आला, "भाऊजी, धुराला पण एक वेळापत्रक लावून द्या की."

बाबा हसले नाहीत. मला हसू आले होते, ते मी गिळले.

११ जानेवारी

मी औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत सारे शिक्षण मराठीतून झाले आणि शालान्त परीक्षेत मी पहिली आले. त्यानंतर मात्र पुस्तके जाड आणि इंग्रजी झाली. आता उजव्या हाताला पुस्तक आणि डाव्या हाताला शब्दकोश अशी माझी बैठक असते. वर्गात अद्याप मी एकही प्रश्न तोंडाने विचारलेला नाही.

घरात मात्र मी बोलते. गेल्या वर्षी कॅलेंडरच्या पाठीवर मी मज्जापेशीची आकृती काढून आईला समजावून सांगितले होते की मामाचा आजार हा मेंदूतील रसायनांचा मामला आहे. आईने हातातले काम खाली ठेवले. "म्हणजे आमच्या आईने लाडावून ठेवला म्हणून नव्हे? वडिलांनी मारलं म्हणूनही नव्हे?" मी म्हणाले, "नाही. कुणाचीच चूक नाही. रसायनांची आहे." ती तिथेच बसून बराच वेळ रडली. मामाने आकृती निरखून पाहिली आणि म्हणाला, "हा मी होय? बरा दिसतोय की."

सध्याचे औषध त्याचे तिसरे. ते इतर औषधांना न जुमानणाऱ्या आजारासाठी देतात आणि त्यासाठी दर महिन्याला रक्तातील पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. ते सुरू झाल्यापासून त्याला ऐकू येणारे आवाज पुष्कळ हटले. "गेले नाहीत," तो म्हणतो, "पण शेजारच्या खोलीत राहायला गेलेत. दार लावून घेतलं की भागतं."

रसायनाने एवढे केले. उरलेले मी करीन. मामाची सिगारेट मी सोडवणार.

१४ जानेवारी

त्याला सांगितले. वेत पाण्यातून काढून त्याने फडक्याने पुसला, चौकटीच्या भोकातून ओवला, भोकात लाकडी खुंटी मारली आणि मग म्हणाला, "बरं."

"माझ्यासाठी सोडतोस?"

"तुझ्यासाठी कशाला, शास्त्रीबाई? मला तिथे परत जायचं नाहीये."

मी त्याला सिगारेटऐवजी दालचिनीची काडी दिली. धरायला तशीच, चघळायला बरी. तो म्हणाला, "मला माणूस समजतेस की मसाल्याचा डबा?"

२१ जानेवारी

वाईट आठवडा. मामा आईवर ओरडला, माझ्यावर ओरडला, एका खुर्चीवर ओरडला. मग खुर्चीची क्षमा मागितली. आमची मागायची राहिली.

२ फेब्रुवारी

सुटली! गेले काही दिवस एकही नाही. वरच्या काकूंनी जिन्यात मला थांबवून गालाला हात लावला. बाबा जेवताना म्हणाले, "मानलं मेव्हणेबुवा." बाबांच्या हिशेबी हे अर्ध्या तासाचे भाषण झाले. मामाने कपाळाला दालचिनी लावून सलाम केला.

मला स्वतःचा इतका अभिमान यापूर्वी निकालाच्या दिवशीच वाटला होता.

६ फेब्रुवारी

मामा हल्ली सकाळी उशिरापर्यंत झोपतो. आई म्हणते, "झोपू दे, इतक्या वर्षांची झोप राहिलीय त्याची." रात्रीच्या त्याच्या येरझाऱ्याही थांबल्या आहेत. पूर्वी तो स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत आणि गॅलरीपासून स्वयंपाकघरापर्यंत चपला घासत फिरत असे आणि मला एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचावा लागे. आता घर इतके शांत असते की शब्दकोशाची पाने उलटल्याचा आवाज येतो. दोन प्रकरणे पूर्ण झाली.

७ फेब्रुवारी

आनुवंशिकतेचे प्रकरण तूर्त वगळले.

११ फेब्रुवारी

आज गोळी देताना मामा म्हणाला, "ही जास्त होतेय मला."

मी म्हणाले, "काहीतरीच काय! तीच गोळी आहे."

"तीच असेल. पण जास्त होतेय. आत चिखल झालाय नुसता."

मी जुनी रिकामी पट्टी शोधून काढली आणि नव्या पट्टीशेजारी ठेवून दोन्हींवरचा आकडा त्याला वाचून दाखवला. तो आकड्याकडे बघत राहिला. मग त्याने गोळी घेतली.

पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे की औषधाबद्दलची कुरकूर ही आजार उलटण्याची पहिली खूण असू शकते. आपण आजारी आहोत याचे भानच हा आजार हिरावून घेतो. उद्यापासून गोळी मी त्याच्या तळहातावर ठेवीन आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहीन. कठोर वाटते, परंतु प्रेम कठोर असावे लागते.

१५ फेब्रुवारी

महिन्याची तपासणी. ओपीडीतला बाक नेहमीसारखाच भरलेला होता. मामा माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपला. त्याच्या तोंडातून लाळ गळली, ती मी रुमालाने पुसली. पांढऱ्या पेशींचा रिपोर्ट मी दोनदा तपासला. उत्तम होता.

आमचे डॉक्टर चांगले आहेत, पण थकलेले आहेत. मान वर न करता त्यांनी विचारले, "झोप? जेवण? काही बदल?"

"काही नाही हो, उलट फार शांत असतो," आई म्हणाली.

"सिगारेट, तंबाखू, दारू?"

"छे छे! आमच्याकडे कुणाला चहाचंसुद्धा व्यसन नाही." हे वाक्य आई पहिल्या भेटीपासून म्हणत आली आहे. लोक आधीच मामाला काय काय म्हणतात, त्यात व्यसनी ही भर नको म्हणून. आज ते खरे असल्यामुळे तिने ते जरा मोठ्याने म्हटले.

मामाने मान उचलली. त्याची जीभ जड झाली होती. "डॉक्टर, गोळी..."

तो शब्द शोधत राहिला. मागे लोक उभे होते, दारातल्या सिस्टर घड्याळ बघत होत्या, आणि मला त्याची लाज वाटली असे नाही, पण संकोच झाला. मी म्हणाले, "गोळी रोज वेळेवर घेतो. मी स्वतः देते."

"छान," डॉक्टर म्हणाले. "चालू ठेवा."

डॉक्टरांशी तोंड उघडून बोलण्याची ही माझी पहिली वेळ. फारसे अवघड गेले नाही.

२२ फेब्रुवारी

वाचनालयाने दुरुस्तीला दिलेल्या खुर्च्यांपैकी एक आज परत आली. शिपायाने ती दारात ठेवली आणि ओशाळून म्हणाला, "बसल्या बसल्या फाटली हो."

मी बैठक पाहिली. मामाची जाळी म्हणजे आधी उभे वेत, मग आडवे, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तिरके. एका दिशेचा तिरका वेत उभ्यांच्या खालून आणि आडव्यांच्या वरून जावा लागतो, दुसऱ्या दिशेचा नेमका उलट, तरच तो सरकतो आणि अष्टकोनी भोके जुळतात. इथे तो मध्येच वरखाली झाला होता आणि जिथे अडकला तिथेच तुटला होता. मामाने हे काम तापात केले आहे, अंधारात केले आहे, आवाज ऐकू येत असताना केले आहे. अशी चूक कधी केली नव्हती.

त्याला दाखवली. तो म्हणाला, "कुणी विणली ही?"

बाबा येण्यापूर्वी मी खुर्ची पलंगामागे लपवली.

२५ फेब्रुवारी

बाबा: "हल्ली हे सकाळी दहापर्यंत लोळतात. आजार मी समजू शकतो. आळस नाही."

आई: "अहो, धूर बंद केला ना त्याने?"

बाबा: "केला. मग आता दिवसभर झोपायलाच ठेवलाय का घरी? तिथे निदान उठवतात."

मामा समोरच बसला होता. त्याच्या हातातला घास ताटाच्या वरच थांबला होता. मग त्याने डाव्या हाताने ताट धरले.

२ मार्च

मला आता शंका उरलेली नाही. पुस्तकात या आजाराचे दोन चेहरे सांगितले आहेत: भास आणि भ्रम हा एक, आणि दुसरा मंदपणा, मौन, उत्साहाचा लोप. पहिला औषधाने माघार घेतो, दुसरा मागून हळूहळू येतो. मामाला हा दुसरा गाठतो आहे. मी त्या पानावर पेन्सिलने खूण केली आणि मग मला त्या पानाचा राग आला.

बाबांना कळले तर संस्था. म्हणून सकाळी मीच त्याला उठवते, तोंड धुवायला लावते, हातात वेत देऊन गॅलरीत बसवते. लांबून पाहणाऱ्याला तो काम करत असल्यासारखा दिसतो.

दुपारी दवाखान्यापर्यंत गेले होते. डॉक्टरांना काय विचारायचे ती वाक्ये रस्ताभर घोकत होते. दारात पोचेपर्यंत त्यांतले एकही उरले नाही. सिस्टरनी विचारले, "काय हवंय?" मी म्हणाले, "काही नाही, चुकून आले," आणि परत आले.

फार दमले आहे. अभ्यास मात्र वेळेवर चालला आहे.

५ मार्च

मामा पडला. आई वेत भिजवायच्या पाण्याची बादली भरून देत होती आणि तो स्टुलावरून सरळ बाजूला कोसळला. अंग ताठ झाले, मग हातपाय झटके देऊ लागले. बादली उलटली. आई त्याचे डोके मांडीवर धरून "अरे, अरे, अरे" एवढेच म्हणत होती. वरच्या काकू अनवाणी धावत आल्या आणि गाडी त्यांनीच बोलावली.

६ मार्च

वॉर्डात आज आमचे नेहमीचे डॉक्टर आले. मामा ग्लानीत होता. त्यांनी डोळे तपासले, नाडी पाहिली. मग त्याचा उजवा हात हातात घेतला आणि बराच वेळ बोटांकडे बघत राहिले.

"यांनी सिगारेट कधी सोडली?"

"कुणी?" आई म्हणाली.

डॉक्टरांनी मामाचे मधले बोट आमच्याकडे वळवले. नखाचा वरचा भाग तपकिरी-पिवळा होता आणि मुळाकडचा स्वच्छ गुलाबी. मध्ये कुणी पट्टीने आखल्यासारखी रेघ. "पिवळा भाग जुना, गुलाबी नवा. महिनाभरापूर्वी सोडली असणार. दिवसाला पाकीट तरी ओढत असतील."

आईने पदर तोंडाशी नेला. मी म्हणाले, "मी सोडवली."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. डॉक्टर स्टूल ओढून बसले. त्यांना असे बसलेले मी प्रथमच पाहिले.

"चांगलंच केलंत. फक्त आम्हाला सांगायला हवं होतं. सिगारेटच्या धुराने यकृत चेकाळतं आणि हे औषध भराभर मोडून टाकतं. यांना इतका डोस लागत होता तो त्यामुळे. आम्हाला वाटलं, आजारच हट्टी आहे. धूर थांबला, यकृत सावकाश झालं आणि तीच गोळी रक्तात साचत गेली. जवळजवळ दुप्पट मिळत असणार त्यांना. झोप, लाळ, जड जीभ, हा झटका, सगळं त्यातूनच."

"म्हणजे आजार वाढला नव्हता?"

"औषध वाढलं होतं."

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "ते स्वतः काही म्हणाले नाहीत का?"

आईने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीकडे पाहिले.

८ मार्च

मी सारे मेंदूत शोधत होते. ते यकृतात होते. पुस्तकात तो परिच्छेद आहे. आज उघडून पाहिला. लहान टाइपात, तक्त्याखाली. माझ्या शब्दकोशात त्यातील प्रत्येक शब्द आहे.

१९ मार्च

डोस टप्प्याटप्प्याने पुष्कळ खाली आणला. मामा घरी आहे आणि जागा आहे. 'जागा' हा शब्द मी विचारपूर्वक लिहिते आहे. पहाटे उठतो. येरझाऱ्या परत सुरू झाल्या. जेवताना मध्येच थांबून कुणाला तरी हळूच म्हणतो, "नंतर, नंतर." बाबा घास तोंडात तसाच ठेवून त्याच्याकडे बघतात.

आज त्याने पलंगामागची खुर्ची शोधून काढली. जाळीवर बोटे फिरवली, पहिला चुकलेला वेत त्याला लगेच सापडला. "इथे मी झोपलो," तो म्हणाला, आणि कात्रीने सगळी बैठक कापून काढली.

मी म्हणाले, "मामा, तू सांगत होतास. मी ऐकलं नाही."

"ऐकलंस की. दोन-दोन पट्ट्या आणून दाखवल्यास." मग माझे तोंड पाहून म्हणाला, "रडू नकोस बाई. वेत भिजवायला पाणी आहे माझ्याकडे."

२४ मार्च

येरझाऱ्यांमुळे आज एकच पान चार वेळा वाचले. मनात आले, फेब्रुवारी किती बरा होता. मग पुस्तक मिटून ठेवले आणि तशीच बसून राहिले.

बाबा आईला स्वयंपाकघरात सांगत होते, "धुरापेक्षा हे चपलांचं जास्त आहे. तेव्हा झोपून तरी असायचा. डॉक्टरांशी बोल तू. नाहीतर परीक्षेची वाट बघण्यात अर्थ नाही. मी संस्थेत फोन करतो."

२९ मार्च

ओपीडी. तोच बाक, तीच गर्दी. यावेळी मामा ताठ बसला होता आणि बाकाची मोडलेली पट्टी चाचपत होता.

डॉक्टरांनी विचारले, "कसं चाललंय?" आईने आधी दाराकडे पाहिले, मग आवाज खाली आणला.

"बरा आहे. पण डॉक्टर, मी म्हणते, अगदी आधीइतकी नको, पण मधली एखादी गोळी नाही का देता येणार? शांत असायचा हो. घर टिकायला हवं. त्याच्याचसाठी म्हणते मी."

ती खोटे बोलत नव्हती. ती हे खरोखरच त्याच्यासाठी म्हणत होती, आणि बाबांसाठी, आणि एक पान एकदाच वाचता यावे म्हणून माझ्यासाठीही. तिचे डोळे गेले कित्येक दिवस झोपलेले नाहीत. मला तिच्या बाजूने बोलावेसे वाटले, हे इथे नोंदवून ठेवते.

डॉक्टरांनी पेन उचलले. आणि माझ्याकडे पाहिले. "गोळ्या तुम्ही देता ना? तुम्हाला काय वाटतं?"

सिस्टर घड्याळ बघत होत्या. मागे कुणीतरी खोकले.

"मामाला विचारा," मी म्हणाले.

डॉक्टर त्याच्याकडे वळले. मामाने तोंड उघडले आणि मिटले. त्याचे वाक्य मला ठाऊक होते असे मला वाटत होते, आणि ते पुरे करू नये म्हणून मी हाताची बोटे एकमेकांत अडकवून धरली.

"मी जागा असलो की त्यांना त्रास होतो," तो म्हणाला. "मलाही होतो. ते शेजारच्या खोलीतले अधूनमधून डोकावतात. पण दार लावता येतं मला. त्या गोळीत दारच सापडत नव्हतं." मग आईला म्हणाला, "ताई, मी फिरायचं कमी करीन. झोपवू नकोस."

आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टरांनी आकडा बदलला नाही. निघताना म्हणाले, "सिगारेट परत सुरू झाली तर मला सांगा. ओढलीत तर रागवीन. लपवलीत तर जास्त रागवीन." आई खाली मान घालून म्हणाली, "नाही लपवणार."

घरी आलो तेव्हा बाबा टेबलाशी फोन समोर ठेवून बसले होते. "काय ठरलं?"

मीच म्हणाले, "बाबा, गोळी वाढणार नाही. आणि तुम्ही संस्थेत फोन करू नका." बाबांशी 'करू नका' असे वाक्य मी कधी बोललेले नाही. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू नोंदीत नसलेली बस डेपोत शिरली.

तेवढ्यात मामा म्हणाला, "भाऊजी, चालण्याला तरी वेळापत्रक लावून द्या. पाळीन मी."

तो चेष्टा करत नव्हता. बाबांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी फोन बाजूला सरकवला, खिशातली पेन्सिल काढली आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आखायला घेतले.

"सकाळी सहानंतर. चपला नाहीत, अनवाणी. संध्याकाळी हिचा अभ्यास, तेव्हा गॅलरीतल्या गॅलरीत. जेवण झाल्यावर घरभर." पेन्सिल थांबली. "शेवटची साडेनऊला सुटेल."

"सुट्टीच्या दिवशी जादा गाडी?" मामाने विचारले.

"बघू," बाबा म्हणाले.

मी आता माझ्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. आनुवंशिकतेचे प्रकरण समोर उघडून ठेवले आहे. बाहेर मामाची अनवाणी पावले स्वयंपाकघराकडून येऊन गॅलरीकडे निघाली आहेत. साडेनऊ होऊन गेले. बाबा पलीकडच्या खोलीत जागे आहेत, खोकतात ते ऐकू येते.

शेवटची फेरी आज उशिरा सुटली. बाबा काही बोलले नाहीत.